शर्वरीचे बाबा वहिनींशी बोलतात

दिल्लीपासून फरीदाबाद-गुरुग्रामपर्यंत जेवढे म्हणून बॅडमिंटनचे हॉल आहेत, त्या सगळ्या हॉलमध्ये मान खाली घालून बसायला मला शिकवलं ते शर्वरीच्या बाबांनी. लहानपणी माझ्या आईने हा प्रयत्न करून पाहिला होता, पुढे सासरच्यांनीही पाहिला, पण कुणाला जमलं नव्हतं. शर्वरीच्या बाबांनी ते एका मोसमात जमवून दाखवलं. कुठल्या हॉलची फरशी कुठे उचकटली आहे, कुठल्या बाकाखाली कुणी च्युइंगम चिकटवून ठेवलंय, हे मी आज डोळे मिटून सांगेन. मॅच चालू असताना मी दुसरं काही बघितलेलंच नाही.

त्यांना एक चांगलं नाव आहे. पण मुलं ज्या दिवशी अकॅडमीत जायला लागतात त्या दिवसापासून आईबापांची नावं गळून पडतात. मी ‘ईरा की मम्मी’ आणि ते ‘शर्वरी के पापा’. माझ्या फोनमध्येही ते याच नावाने आहेत. आमच्या गुरुग्रामच्या अकॅडमीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. कोच सरांनी हे पहिल्याच आठवड्यात हेरलं आणि दोन्ही मुलींना दुहेरीत एकमेकींशी बांधून टाकलं. मुली बांधल्या गेल्या म्हणून आम्हीही बांधले गेलो. ते मला वहिनी म्हणायला लागले, त्यामुळे लोकांनी आमचं नातंच ठरवून टाकलं. शर्वरीच्या बाबांनी काहीही केलं की तक्रार माझ्याकडे यायची, ‘आपके भाईसाब को ज़रा समझाइए ना.’ सुरुवातीला मी सांगत असे, अहो, आमची नुसती ओळख आहे. मग कंटाळून सांगायचं सोडून दिलं. सख्ख्या दिराचीसुद्धा एवढी लाज मी आयुष्यात कधी वाहिली नसेल.

मूळचे ते कराडकडचे. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात मोठे साहेब आहेत. आता दिवसभर माल तपासणाऱ्या माणसाने संध्याकाळी तरी डोळ्यांना विश्रांती द्यावी की नाही? पण नाही. अकॅडमीत शटलचा नवा डबा फुटला की हे एकेक शटल उजेडासमोर धरून त्याची पिसं बघणार. एखादं पीस तिरकं दिसलं की खिशातून लाल स्टिकर काढून त्यावर लावणार. कारखान्यात नापास मालावर लावतात तो स्टिकर. एकदा निम्मा डबा नापास झाला तेव्हा कोच सरांनी हात जोडले, ‘भाईसाब, पंख है, पिस्टन नहीं है.’ शर्वरीच्या बाबांना ते पटलं नाही. ते मला म्हणाले, ‘वहिनी, या माणसाला टॉलरन्स म्हणजे काय, मालात किती फरक चालतो, तेच माहीत नाही.’ मी तेव्हाही फरशीच बघत होते.

बरं, स्वतः त्यांनी जन्मात कधी रॅकेट हातात धरलेली नाही. शाळेत ते खो-खोच्या संघात राखीव होते, तेवढंच काय ते खेळाशी नातं. बॅडमिंटन ते फोनवर व्हिडिओ बघून शिकले आणि हातात जे असेल त्याने त्याचा सराव करतात. मेट्रोत दांडा धरून उभे असले तरी मनगट चालू असतं. आमची दोन्ही घरं एकाच इमारतीत. एकदा सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन लिफ्टमधून वर जाताना त्यांना बॅकहॅन्ड आठवला. लिफ्टमध्ये चौदाव्या मजल्यावरच्या आंटी होत्या, गुरुद्वाऱ्याहून परतलेल्या, अंगावर नवा सूट. पुढचं काही सांगत नाही. त्या संध्याकाळी आंटी माझ्या दारात आल्या, कारण भाईसाब माझे. मी त्यांचा सूट ड्रायक्लीन करून आणून दिला. शर्वरीच्या बाबांना बोलायला गेले तर ते खरोखरच ओशाळले होते, दोनदा माफी मागितली, आणि मग हळूच म्हणाले, ‘पण मनगट मात्र अगदी बरोबर वळलं होतं हो.’

एवढं सगळं असून या माणसावर रागावता का येत नाही, त्याचं उत्तर त्यांच्या डब्यात आहे. दर शनिवारी ते स्वतः राजगिऱ्याचे लाडू वळतात. इकडे राजगिऱ्याला रामदाना म्हणतात हे शोधून काढायला त्यांना एक वर्ष लागलं होतं आणि त्या वर्षाबद्दल ते एखाद्या स्वारीबद्दल बोलावं तसं बोलतात. स्पर्धेच्या दिवशी तो भला मोठा स्टीलचा डबा हॉलभर फिरतो. आमच्या मुलींना लाडू, कोच सरांना लाडू, गेटवरच्या गार्डला लाडू, अंपायरला लाडू. आणि शर्वरी जिच्याविरुद्ध खेळणार असेल तिला तर पहिला लाडू. अहो, तिला कशाला, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, उपाशी पोराला हरवण्यात काय मजा आहे? मला त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला होता. जेमतेम पाच मिनिटं टिकला, कारण मग मॅच सुरू झाली.

मॅच सुरू झाली की लाडूवाले बाबा कुठे जातात देव जाणे. शर्वरी गेम पॉइंटला आली की त्यांना बघवत नाही. ते कोर्टाकडे पाठ करून उभे राहतात आणि काय झालं ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करतात. माझी मान खाली, म्हणून ते वाकून वाकून बघतात. सगळा हॉल मॅच सोडून आमच्याकडे बघत असतो. गेम पॉइंट नसेल तेव्हा ते ओरडतात, आणि तेही मराठीत. पुढे ये, मागे जा, डावीकडे टाक, अगं मनगट, मनगट! बाहेरून असं शिकवायची परवानगी नसते. अंपायरने दोन-तीनदा तंबी दिली तेव्हा शर्वरीच्या बाबांनी त्यातून जी पळवाट काढली, ती कराडच्या मातीतच उगवू शकते. त्यांनी ओरडणं बंद केलं आणि ते वहिनींशी बोलायला लागले.

म्हणजे असं, की तोंड माझ्याकडे करायचं आणि आवाज शर्वरीपर्यंत पोचेल एवढा ठेवायचा. ‘वहिनी, हिचा बॅकहॅन्ड अगदीच कच्चा दिसतोय हो!’ ‘वहिनी, ही नेटजवळ यायला घाबरते बरं का!’ अंपायरने विचारलं की अत्यंत निरागस चेहऱ्याने, ‘सर, हम तो भाभीजी से बात कर रहे थे.’ आता भाभीजींनी काय करायचं? कुणी आपल्याशी बोललं तर हूं तरी म्हणायला हवं. मी ‘हो का?’, ‘हो ना’ असं म्हणत राहायची. मुली जिंकायच्या. आपली भाषा इथे कुणाला कळत नाही याचा त्यांना केवढा आनंद होता! घराबाहेर पडलं की दिवसभर हिंदी, ऑफिसात इंग्रजी, त्यात आपण कायम थोडे कमी पडतो. आणि इथे आपण भर सभेत बोलतोय आणि कुणालाच पत्ता नाही. खरं सांगायचं तर त्याची थोडी गंमत मलाही वाटायला लागली होती.

शर्वरीला मात्र अजिबात वाटत नव्हती. पोरगी तेरा वर्षांची. या वयात बाप नुसता शेजारी उभा राहिला तरी मुलींना मेल्याहून मेल्यासारखं होतं, आणि इथे तर बाप हॉलभर गाजत होता. इतर मुली त्यांच्या ‘वहिनी, वहिनी’ची नक्कल करायच्या. ईराने मला सांगितलं, शर्वरी चेंजिंग रूममध्ये रडते. शेवटी फरीदाबादच्या स्पर्धेआधी शर्वरीने बापाला सरळ सांगितलं, ‘बाबा, लास्ट चान्स. तिथे तू बोललास तर परत कधी माझ्या मॅचला यायचं नाही. बिल्कुल नाही.’ शर्वरीच्या बाबांनी शब्द दिला. त्या माणसाचं सगळं आयुष्य त्या रविवारांवर टांगलेलं होतं. आठवडाभर मानेसरचे पिस्टन तपासायचे ते रविवारी लेकीला खेळताना बघायला मिळेल म्हणून. मला येऊन म्हणाले, वहिनी, या वेळी मी तोंडाला कुलूप लावणार. मी म्हटलं, लावा हो, माझी मानही जरा वर होईल.

फरीदाबादला एकेरीत शर्वरीसमोर रिया नावाची मुलगी होती. गोरीगोमटी, अंगाने चांगली भरलेली, कोचशी तिथल्याच मुलींसारखं फटाफट हिंदी बोलणारी. रीतीप्रमाणे शर्वरीचे बाबा डबा घेऊन तिच्याकडे गेले, ‘लो बेटा, लड्डू, राजगिरे का.’ तिने दोन बोटांनी लाडू घेतला, हसली, काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात तिला कोर्टवर बोलावलं. पहिला गेम रियाने सहज घेतला. काय सुरेख हात होता तिचा! शर्वरीचे बाबा कुलूप लावून बसले होते, पण कपाळावर घाम आला होता. दुसऱ्या गेममध्ये शर्वरी मागे पडायला लागली आणि त्यांनी हळूच माझ्याकडे तोंड वळवलं. मी नको नको अशी मान हलवली. ते पुटपुटले, ओरडणार नाही म्हणालो होतो, तुमच्याशी बोलणार नाही असं कुठे म्हणालो? आणि मग तो ओळखीचा आवाज निघाला.

‘वहिनी, केवढी जाड आहे हो ही पोरगी! पुढे-मागे पळवली ना, की पाच मिनिटांत धापा टाकेल.’

आणि मी म्हटलं, ‘हो ना.’

शर्वरीने ऐकलं. तिने बाबांकडे रागाने बघितलं, पण हरत असताना ऐकलेलं कुणी विसरत नाही, आणि ती तर पोरच. तिने शटल एकदा नेटजवळ टाकलं, एकदा मागे. रिया खरंच चुकायला लागली. शर्वरीच्या बाबांना चेव चढला. वहिनी, बघा कशी डुलतेय. वहिनी, आता बसेल बघा खाली. मी प्रत्येक वेळी हूं म्हणत होते. रिया प्रत्येक पॉइंटनंतर टी-शर्ट खाली ओढायची. मला वाटलं घामाने चिकटत असेल. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, आम्ही म्हटलं दमली. दुसरा गेम आणि मग तिसराही घेऊन शर्वरी जिंकली. शर्वरीच्या बाबांनी कोर्टाकडे पाठ करून दोन्ही हात वर केले.

हात मिळवून झाल्यावर रिया आमच्या बाकापाशी आली, कारण तिची बॅग तिथेच शेजारी होती. बॅग खांद्याला लावली, मग थांबली. शर्वरीच्या बाबांकडे बघून अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, ‘काका, लाडू छान होता. माझी आजी पण असाच करते.’ मग माझ्याकडे वळून, ‘येते हं काकू.’ घरच्यांनी शिकवलेली मुलगी, वडीलधाऱ्यांचा निरोप घेतल्याशिवाय जायचं नाही हे तिला माहीत होतं. ती गेली. जाताना तिने पुन्हा एकदा टी-शर्ट खाली ओढला.

मराठी माणूस गेल्या दोन पिढ्यांपासून फरीदाबादच्या कारखान्यांत आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं का? होतं. शर्वरीच्या बाबांचे निम्मे सप्लायर तिकडचे. तिकडच्या गणपतीला आम्ही जेवून आलेलो. पण ते त्या क्षणी कुणाच्या डोक्यात येतं? शर्वरीचे बाबा हातात डबा घेऊन तसेच उभे होते. शर्वरी मागेच उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. डोंगरातून जाणाऱ्या त्या रस्त्याने आम्ही गुरुग्रामला आलो. उतरताना ती एवढंच म्हणाली, ‘बाबा, ती मॅच मी नाही जिंकले.’ आणि जिंकलेली ट्रॉफी गाडीच्या सीटवर ठेवून निघून गेली.

त्यानंतर शर्वरीचे बाबा हॉलमध्ये आले नाहीत. मुलींना गाडीने आणून सोडायचे आणि पार्किंगमध्ये काचा वर करून बसून राहायचे. मी स्कोअर कळवू का विचारलं, तर नको म्हणाले. शटल कुणी तपासेना, तर कोच सर एकदा स्वतःच एक शटल उजेडाला धरून बघताना मला दिसले. चौदाव्या मजल्यावरच्या आंटींनी लिफ्टमध्ये विचारलं, ‘आपके भाईसाब ठीक तो हैं? आजकल बड़े चुप रहते हैं.’ मी बरे आहेत म्हणाले. हॉलमध्ये आता मला मान वर करून बसता येत होतं. एवढी वर्षं मला हेच हवं होतं, आणि बघवत नव्हतं. पोरी कुणालातरी हरवायच्या आणि बाकावर कुणीच पाठ करून उभं नसायचं. शर्वरीही पॉइंट घेतला की उगीच एकदा बाकाकडे बघायची.

थंडीत दिल्लीला एक स्पर्धा होती. धुरक्यामुळे सकाळी समोरचं दिसत नव्हतं. सामन्यांच्या तक्त्यावर शर्वरीच्या समोर पुन्हा रिया. मी पार्किंगमध्ये जाऊन हे शर्वरीच्या बाबांना सांगितलं तर त्यांना ते आधीच ठाऊक होतं. मांडीवर डबा होता. तिची माफी मागायचीय म्हणाले, रात्रभर वाक्य जुळवत होते. ‘वहिनी, “झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे” असं म्हणू का?’ मी म्हटलं, ते खराब माल गेल्यावर म्हणतात. मग ‘अनवधानाने’ म्हणू का? मी म्हटलं, अनवधानाने कुठे हो, चांगलं ठरवून बोललात. त्यांनी डब्याचं झाकण दाबून बघितलं. मग म्हणाले, ‘माझ्या लेकीला कुणी असं म्हटलं असतं ना वहिनी, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.’ एवढ्या वर्षांत तेवढं एक वाक्य ते खरोखर माझ्याशी बोलले. बाकीची सगळी शर्वरीसाठी होती.

रिया हॉलच्या दाराशी बुटाच्या नाड्या बांधत होती. शर्वरी तिच्याशेजारीच होती. शर्वरीचे बाबा गेले, समोर उभे राहिले, आणि ते जुळवलेलं सगळं पार विसरले. डबा उघडून पुढे केला. ‘चुकलो ग बाळा,’ म्हणाले. आवाज इतका बारीक होता की हॉलभर ओरडणारा हाच तो माणूस यावर कुणाचा विश्वास बसला नसता. रियाने त्यांच्याकडे बघितलं, मग डब्याकडे. जरा वेळ लावला तिने, आणि लावायलाच हवा होता. मग एक लाडू उचलला. ‘काका, तुम्ही आत नाही येत?’ त्यांनी लेकीकडे बघितलं. शर्वरी नाडीशी चाळा करत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, ‘ये. पण काकूशी बोलायचं नाही.’

ते आत आले. माझ्यापासून सगळ्यात लांबच्या बाकावर, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. हूं नाही की चूं नाही. एका गेम पॉइंटला सवयीने उठून पाठ करायला गेले, मग बहुधा आपणच आपल्याला बजावलं आणि परत बसले. अख्खी मॅच त्यांनी पहिल्यांदाच समोरून बघितली. रिया त्या दिवशी काय खेळली! मागून पुढे, पुढून मागे, धाप नाही की काही नाही. शर्वरी हरली, आणि हरून दोघी नेटपाशी काहीतरी बोलून हसल्या. तेव्हा लांबच्या बाकावरून एकच वाक्य आलं, ‘छान खेळलीस ग!’ कोर्टवरच्या दोघींनाही ते कळत होतं, आणि दोघींनी मान वर करून बघितलं. शर्वरीच्या बाबांनी रुमाल काढून नाक पुसलं आणि धुरक्याला चार शिव्या दिल्या.

त्यानंतर ते नियमित येतात. लाडू असतात, लाल स्टिकरही परत आलेत. माझ्याशी मात्र ते मॅच चालू असताना एक अक्षर बोलत नाहीत. मला ते चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. रिया त्यांना दिसली की काका म्हणून हाक मारते, आजीच्या लाडवात वेलची असते आणि तुमच्यात नसते यावर दोघांचा वाद चालतो. दिल्लीच्या त्या मॅचनंतरही निघताना ती माझ्यापाशी थांबली, ‘येते हं काकू,’ म्हणाली. मी नुसती मान डोलावली. ज्या माणसाची लाज वाटून मी वर्षानुवर्षं खाली बघत बसले, त्याने डबा पुढे करून दोन शब्दांत मोकळं करून घेतलं स्वतःला. फरीदाबादला त्याच्या त्या वाक्यावर ‘हो ना’ कोण म्हणालं, ते रियाने ऐकलं होतं की नाही, हे तिला विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. ती हॉलमध्ये आली की मी फरशी बघत बसते.